कंपवातात दात खाणं: आधी घड्याळ बघा, मग दात

लहान मूल झोपेत दात खायला लागलं की आपल्याकडे आधी जंताची गोळी आठवते. तीच सवय सत्तरीतल्या कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, पेशंटलाही लावली जाते. महिनाभरात फरक पडला नाही की घरचे दातांच्या डॉक्टरकडून रात्री दातांवर घालायचं गार्ड करून आणतात. गार्डाने दात वाचतात, जबडा थांबत नाही. आणि दुपारी टीव्हीसमोर बसल्या बसल्या करकर चालू असेल तर रात्री घालायच्या गार्डाचा तिथे काहीच उपयोग नाही.

कंपवातात जबडा आपोआप चालतो त्यामागे चार-पाच वेगवेगळी कारणं असतात आणि बाहेरून ती जवळपास सारखीच दिसतात. त्यातल्या दोन कारणांचे उपाय तर एकमेकांच्या उलटे आहेत. एकात कंपवाताच्या गोळीचा जोर जास्त होतो, दुसऱ्यात गोळी उतरलेली, म्हणजे तिचा जोर संपलेला असतो. कोणतं कारण आहे हे न बघता 'गोळी वाढवा' किंवा 'गोळी कमी करा' म्हणणं म्हणजे अंधारात दगड मारणं. म्हणून आधी घड्याळ आणि वही घ्यायची, दातांचं नंतर.

जबड्याला हात लावून बघा

निवांत बसलेल्या माणसाचे ओठ मिटलेले असतात, पण वरच्या-खालच्या दाढांमध्ये दोन ते चार मिलिमीटर फट असते. दात एकमेकांना टेकतात ते घास चावताना आणि गिळताना, तेवढंच. बाकी वेळ दात टेकलेले सापडले तर तिथे काहीतरी चाललेलं आहे.

पेशंटच्या कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर दोन बोटं ठेवा. दाढा आवळायला सांगा. बोटांखाली सुपारीसारखा टणक गोळा वर येतो, तो चावण्याचा मुख्य स्नायू. आता सोडायला सांगा. बोटं तशीच ठेवून त्यांना बोलण्यात गुंतवा किंवा शंभरपासून उलटे आकडे मोजायला लावा, आणि मग मिनिटभर काही न बोलता बसू द्या. मन दुसरीकडे असताना जबडा काय करतो ते बोटांना कळतं.

स्नायू सलग टणकच राहिला तर ते आवळणं. मोठ्या संथ लाटा येतात, हनुवटी डावी-उजवीकडे सरकते आणि करकर ऐकू येते, ते दात खाणं. पण बोटांखाली बारीक, एका लयीतली थरथर लागली, सेकंदाला चार ते सहा ठोके, दात थंडीत वाजतात तसे कटकट वाजत असतील आणि बोलायला तोंड उघडलं की थांबत असतील, तर ते दात खाणं नाही. तो हाताला असतो तोच कंप जबड्यात आलाय. त्याने दात फारसे झिजत नाहीत. कंपाचं जे औषध चालू आहे त्यातच त्याचा विचार होतो, गार्डाचा खर्च करू नका.

मोबाईलचा टॉर्च लावून तोंडातही बघा. सुळ्यांची टोकं सपाट झालीत का, दाढांच्या माथ्यावर पिवळसर खळगे पडलेत का, जिभेच्या कडेला दातांच्या खाचा उमटल्यात का, गालाच्या आतून दातांच्या रेषेत पांढरी कड आलीय का. यात एक मेख आहे. झिजलेला दात फक्त मागचं सांगतो. जन्मभर ज्वारी-बाजरीची भाकरी आणि फुटाणे खाल्लेल्या, मिशरी लावलेल्या माणसाचे दात कंपवात नसतानाही झिजलेले असतात. आज काय चाललंय ते कळतं जिभेच्या ताज्या खाचांवरून आणि सकाळी उठताना कानशिलं दुखतात का यावरून.

तीन दिवसांची वही

शाळेची साधी वही चालेल. पाच रकाने: वेळ, गोळी, खाणं, जबडा, बाकी अंग. जबड्याला ० ते ३ मार्क: ० म्हणजे शांत, १ म्हणजे हात लावला तर कळतं, २ म्हणजे बघून कळतं, ३ म्हणजे शेजारच्या खोलीत ऐकू येतं. जागेपणी दर अर्ध्या तासाला एक नोंद, सलग तीन दिवस. एका दिवसात चित्र स्पष्ट होत नाही आणि आठवडाभर कोणी नेटाने लिहीत नाही.

एका पानावरच्या काही नोंदी साधारण अशा दिसतात:

६:००, जबडा २, दाढा आवळलेल्या, डाव्या पायाचा अंगठा वळलेला. गोळी पाण्याबरोबर.
६:४५, जबडा ०, अंग मोकळं, स्वतः उठून तोंड धुतलं.
७:३०, जबडा ३, करकर. मान डुलते, खांदा आपोआप हलतो.
८:१५, जबडा ०. नाश्ता.
१०:३०, जबडा २, पुन्हा आवळला. चाल मंद, आवाज खोल.
११:००, गोळी.

या एका पानावर दोन्ही प्रकार आहेत. सहा वाजता आणि साडेदहाला गोळी उतरलेली आहे. तिथे जबडा आवळला जातो, कारण औषध कमी पडल्यावर स्नायू पिळल्यासारखे आखडतात. पायाचा वळलेला अंगठा त्याचीच साक्ष देतो. साडेसातला मात्र गोळी पूर्ण जोरात आहे. तिथली करकर ही औषध चढल्यामुळे होणारी आपोआपची हालचाल आहे, म्हणून मान आणि खांदाही सोबत हलतात. लेव्होडोपा, म्हणजे कंपवाताच्या गोळीतलं मुख्य औषध, रक्तात फार काळ टिकत नाही. ते टिकवायला कार्बिडोपा या औषधाची जोड असली तरी साधारण दीड तासात त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. पाच तासांच्या अंतराने दोन मोठे डोस दिले की सुरुवातीला डोंगर आणि शेवटी दरी हे होणारच. अशा वेळी न्यूरोलॉजिस्ट बहुतेक वेळा एकूण मात्रा साधारण तेवढीच ठेवून ती लहान डोसांत आणि कमी अंतराने विभागतात, किंवा एन्टाकापोनसारखी औषधाचा टिकाव वाढवणारी गोळी जोडतात. चढलेल्या वेळची हालचाल फार असेल तर अमँटाडिन देतात. ते संध्याकाळी घेतलं तर झोप उडते आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी लागते. हे सगळं ठरवायचं डॉक्टरांनी. घरच्यांनी वही भरायची.

काहींचा जबडा गोळी चढताना एकदा आणि उतरताना एकदा, असा दोनदा चालतो आणि मधला वेळ चांगला जातो. वहीत तसं दिसलं तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण त्याची मांडणी वेगळी असते. आणि जबड्याचा गोळीच्या वेळेशी काहीच मेळ बसत नसेल तर खालचा औषधांच्या पिशवीचा भाग नीट वाचा.

वहीसोबत मोबाईलवर दोन व्हिडिओ घ्या, एक करकर जोरात असताना आणि एक आवळलेलं असताना. मिनिटभराचा एकेक पुरतो. चेहरा आणि दोन्ही हात दिसू द्या आणि सुरुवातीला वेळ व शेवटची गोळी कधी घेतली ते मोठ्याने बोला. जत-आटपाडीहून मिरजेला किंवा माण-खटावहून कराडला एसटीने येताना गोळीची वेळ हमखास चुकते. पेशंट डॉक्टरांसमोर बसतो तो गोळी उतरलेल्या अवस्थेत. साडेसातची करकर तिथे दिसतच नाही, 'औषध कमी पडतंय' एवढंच दिसतं आणि डोस वाढतो. प्रवासात गोळ्या पिशवीच्या तळाशी नकोत, वरच्या कप्प्यात पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवा आणि मोबाईलला गजर लावा.

औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करा

बहुतेक घोटाळे इथे सापडतात. घरात असलेली प्रत्येक पट्टी, बाटली, पुडी बाहेर काढा. आजीच्या डब्यातली सुद्धा.

पहिला घोटाळा ताकदीचा. आपल्याकडे लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या आकड्यांनी ओळखल्या जातात. ११० म्हणजे लेव्होडोपा १०० आणि कार्बिडोपा १० मिलिग्रॅम. १२५ म्हणजे १०० आणि २५. २७५ म्हणजे २५० आणि २५. म्हणजे ११० आणि १२५ मध्ये लेव्होडोपा तेवढाच आहे, पण २७५ मध्ये अडीचपट. मेडिकलमध्ये 'ती नाही, ही घ्या' म्हणून पट्टी बदलली गेली आणि दुसऱ्या दिवसापासून करकर सुरू झाली, असं झालं असेल तर उत्तर पट्टीवरच छापलेलं असतं.

दुसरा घोटाळा हळूहळू विरघळणाऱ्या, म्हणजे सीआर लिहिलेल्या गोळीचा. ही गोळी काही तासांत सावकाश विरघळावी अशी बनवलेली असते. गिळायला जड जाते म्हणून ती कुटून मधात देतात किंवा पेशंट स्वतःच चावतो. मग काही तासांची मात्रा एकदम अंगावर येते आणि तासाभरात मान, खांदे, जबडा सगळं नाचायला लागतं. सीआर गोळी कुटायची नाही, चावायची नाही. गिळता येत नसेल तर डॉक्टरांकडून दुसरा प्रकार लिहून घ्या.

तिसरा घोटाळा दुधाचा. सकाळची गोळी पेलाभर दुधाबरोबर किंवा दूध-भाकरीवर दिली जाते. प्रथिनं पचून जी द्रव्यं तयार होतात ती आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरायला लेव्होडोपाचीच वाट वापरतात. गर्दी झाली की गोळी अडकून राहते. तासभर वाट बघून घरचे म्हणतात, 'आज गोळी लागूच पडली नाही,' आणि दुसरी देतात. मग दोन्ही एकदम चढतात आणि ती करकर शेजाऱ्यांनाही ऐकू जाते. गोळी साध्या पाण्याबरोबर, खाण्याआधी अर्धा तास किंवा खाल्ल्यावर तासाभराने द्या. पोटात मळमळत असेल तर सोबत एखादं बिस्किट चालतं. दूध, दही, अंडी, उसळ यांना बंदी नाही. त्यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात ढकला. लोहाची गोळी असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. सातारी कंदी पेढा जबड्याला अगदी सोपा, पण तो खव्याचा, गोळीच्या तोंडावर नको.

चौथा घोटाळा सगळ्यात जास्त वेळा नजरेआड होतो: गॅस, ॲसिडिटी, उलटी आणि चक्कर यांच्या गोळ्या. कंपवातात पोट जड असतंच, म्हणून गल्लीतल्या दवाखान्यातून एक ॲसिडिटीची कॅप्सूल सुरू होते आणि वर्षानुवर्षं चालते. तिच्यावरची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचा. लेव्होसल्पिराइड असेल तर ते लेव्होडोपापासून मेंदूत बनणाऱ्या डोपामिनचीच वाट अडवतं. म्हणजे एका हाताने लेव्होडोपा द्यायचं आणि दुसऱ्या हाताने ते बंद पाडायचं. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करसाठीची प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन ही त्याच माळेतली. त्यांनी कंपवात वाढतो, जबडा-जीभ-ओठ यांच्या विचित्र हालचाली सुरू होतात आणि औषध थांबवल्यावरही त्या जायला आठवडे किंवा महिने लागू शकतात. मळमळीसाठी डोमपेरिडोन सहसा चालतं, पण हृदयाचा त्रास असेल तर ईसीजी बघूनच. भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन किंवा ओलान्झापिन कोणी सुरू केलं असेल तर ते न्यूरोलॉजिस्टना त्याच दिवशी कळवा.

पाचवा, उदासी आणि घबराटीच्या गोळ्या. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन यांनी कंपवात नसलेल्या माणसालाही दात खायची खोड लागू शकते. खूण म्हणजे गोळी सुरू केल्यापासून किंवा वाढवल्यापासून तीन-चार आठवड्यांत करकर सुरू होते आणि गोळीच्या वेळेशी तिचा संबंध लागत नाही. मनाची औषधं पेशंटने स्वतःहून एकदम बंद करायची नसतात. डॉक्टर मात्रा कमी करतात, औषध बदलतात किंवा बुस्पिरोन जोडून बघतात.

आणि पुडी. खाजकुयरीच्या बियांत, म्हणजे कवचबीजात, खराखुरा लेव्होडोपा असतो. म्हणून 'आयुर्वेदिक आहे, त्याला साइड इफेक्ट नाही' हे इथे अजिबात लागू नाही. किती असतो ते पुडीगणिक बदलतं. गोळ्या तशाच चालू ठेवून वर चमचाभर चूर्ण म्हणजे न मोजलेला जादा डोस. घेत असाल तर लपवू नका. डॉक्टरांना सांगितलं तर ते हिशेबात धरता येतं.

यातलं काही सापडलं म्हणून कंपवाताच्या मूळ गोळ्या घरी बंद करून बघायचा मोह होतो. तसं कधीही करू नका. लेव्होडोपा अचानक तोडलं तर तीव्र ताप, लाकडासारखं ताठ अंग आणि भान हरपणं इथपर्यंत जाऊ शकतं, आणि ते जिवावर बेतणारं आहे.

दिवसा आवळणाऱ्यांसाठी

औषधांचा मेळ बसेपर्यंत आणि बसल्यावरही उरलेल्या आवळण्यासाठी एक युक्ती आहे. 'न' म्हणा आणि 'न' म्हणताना जीभ जिथे टेकली तिथेच राहू द्या. जीभ तिथे, ओठ हलके मिटलेले, दाढा सुटलेल्या. जीभ वर टेकलेली असताना दाढा जोरात आवळायला आपोआपच अवघड जातं.

निरोगी माणसाला हे महिनाभरात अंगवळणी पडतं. कंपवातात तसं होत नाही, कारण या आजारात न ठरवता होणाऱ्या गोष्टीच आधी जातात: हात हलवत चालणं, पापण्या मिचकावणं, लाळ गिळणं. त्यामुळे 'लक्षात ठेवा हो अण्णा' म्हणून भागत नाही, बाहेरून खूण लागते. तासातासाला मोबाईलवर बारीक टुणटुण, टीव्हीच्या कोपऱ्यावर लाल टिकली, चष्म्याच्या काडीला दोरा. खूण दिसली की आधी लाळ गिळायची, मग 'न'. एकाच खुणेत दोन कामं होतात, लाळ गळणंही कमी होतं. सुनेने दर पाच मिनिटांनी 'दात खाऊ नका' म्हणणं ही खूण नव्हे. त्याने ताण वाढतो आणि ताणाने आवळणं वाढतं.

काहींचा पिळलेला जबडा हनुवटीला किंवा गालाला बोट टेकवलं की, किंवा ओठांत काही धरलं की सैल होतो. हे थोतांड नाही. असा पीळ स्पर्शाने तात्पुरता सुटतो हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे. जाड स्ट्रॉचा बोटभर तुकडा ओठांत धरून बघा, दातांत नाही. लवंग किंवा बडीशेप ज्यांना नीट गिळता येतं त्यांनाच. साखर नसलेलं च्युइंग गम लाळ गिळायला मदत करतं, पण पंधरा-वीस मिनिटांपुढे स्नायूच थकतो आणि जेवताना ठसका लागणाऱ्याला ते द्यायचंच नाही. सुपारी नको.

मिशरीबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण आपल्या भागात बायका ती तंबाखू मानतच नाहीत, 'नुसती दात घासायला' म्हणतात. भाजलेल्या तंबाखूची ती पूड दातांवर वाळूच्या कागदासारखी चालते आणि निकोटीन हिरडीतून रक्तात जातं. तंबाखूने दात खाणं वाढतं. म्हणजे एकीकडून घासणं आणि दुसरीकडून दळणं. पन्नास वर्षांची सवय एका दिवसात सुटणार नाही. निदान रात्रीची शेवटची मिशरी आधी बंद करा. संध्याकाळी सहानंतरचा चहाही.

कानशिलं आणि गाल दुखत असतील तर कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल दहा मिनिटं, मग मघाच्या त्याच टणक जागेवर दोन बोटांनी हलक्या गोलाकार फिरवणुकी, एकेका बाजूला दोन मिनिटं. ऊस सोलून खाणं, हुरडा, फुटाणे, कडक भडंग काही आठवडे बाजूला ठेवा. भाकरी आमटीत कुस्करा. तासगावची द्राक्षं, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी, लिंबू सरबत खायला-प्यायला हरकत नाही, पण आंबटाने दाताचं वरचं कवच काही काळ नरम पडतं आणि त्यावर करकर झाली की झीज जास्त वेगाने होते. खाल्ल्यावर चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या तासाने करा. पेसिटेनसारख्या कंपाच्या गोळीने तोंड कोरडं पडतं, तेव्हा हे आणखी महत्त्वाचं, कारण दात राखणारी लाळच कमी असते.

फक्त रात्री करकर असेल तर

शेजारी झोपणाऱ्याने एक रात्र तीन गोष्टी ऐकायच्या. घोरणं मध्येच थांबून श्वास अडकतो आणि मग धाप लागून सुटतो का? असेल तर आधी झोपेची तपासणी, कारण श्वास अडकण्यासोबत दात खाणं बऱ्याचदा येतं आणि अशा काही जणांत वरच्या दातांचं गार्ड श्वासाचा त्रास वाढवतं. झोपेत ओरडणं, हात-पाय झाडणं, स्वप्नातल्या माणसाला मारणं चालू आहे का? कंपवातात हे नेहमीचं आहे आणि त्याचं वेगळं औषध असतं, मेलाटोनिन किंवा अगदी थोडं क्लोनाझेपाम. पण क्लोनाझेपामने रात्री लघवीला उठताना पडण्याचा धोका वाढतो. तिसरं, पहाटे तीन-चारला कूस बदलता येत नाही आणि तेव्हाच आवळणं वाढतं का? तसं असेल तर रात्रीची गोळी पहाटेपर्यंत पुरत नाहीये.

गार्ड करून घेताना

मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन मिळणारं, गरम पाण्यात मऊ करून चावायचं गार्ड कंपवातात नको. ते सैल बसतं, आणि ज्याला गिळायला त्रास आहे त्याच्या घशात जाऊ शकतं. फक्त पुढच्या चार दातांवर बसणारी छोटी गार्डंही याच कारणाने नकोत. मऊ रबरी गार्ड बऱ्याच जणांना चघळावंसं वाटतं आणि करकर वाढते. हवं ते कडक ॲक्रिलिकचं, सगळे दात झाकणारं, स्वतःच्या मापाचं. सांगलीत भारती विद्यापीठाचं, कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचं आणि कराडला कृष्णाचं दंत महाविद्यालय आहे. तिथे कृत्रिम दातांच्या विभागात हे काम होतं.

अपॉइंटमेंट गोळी घेतल्यापासून पाऊण-एक तासाने सुरू होईल अशी मागा. तेव्हा तोंड उघडं धरता येतं आणि कंप कमी असतो. माप घ्यायचा लगदा तोंडात दोन-तीन मिनिटं धरावा लागतो. खुर्ची पूर्ण आडवी करू देऊ नका, अर्धवट बसतं ठेवायला सांगा, नाहीतर लाळ आणि लगदा घशाकडे सरकतो. ज्यांना उबळ येते त्यांच्यासाठी कॅमेऱ्याने माप घ्यायची सोय असेल तर विचारा. उठताना दोन मिनिटं कडेला बसू द्या. कंपवातात उभं राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरतो आणि दवाखान्यातच पडणं होतं. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन ही कंपवाताची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा: दुखण्यावर ट्रॅमाडॉल चालत नाही. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फनही नाही.

हातात आलेलं गार्ड तिथेच तीन गोष्टींवर तपासा. तोंड मिटल्यावर दोन्ही बाजूंच्या दाढा एकदम टेकल्या पाहिजेत. जिभेने ढकलून ते सुटता कामा नये. आणि पेशंटला गोळी उतरलेल्या अवस्थेत, कापऱ्या हाताने, स्वतः काढता आलं पाहिजे. बाजूला नख अडकेल अशी कड ठेवायला सांगा. सकाळी गार्ड काढल्यावर काही मिनिटं चावा वेगळा वाटतो, ते ठीक. दुपारपर्यंत वाटत राहिला तर घासून घ्यायला परत जा. एक-दोन आठवड्यांनी आणि मग दर सहा महिन्यांनी दाखवा. गार्ड धुवायचं ते गार पाण्यात, मऊ ब्रश आणि साबणाने. गरम पाण्यात ते वाकतं, टूथपेस्टने चरे पडतात. कागदात गुंडाळून उशाशी ठेवलं की सकाळी कचऱ्यात जातं, आणि दारात कुत्रं असेल तर ते चावून संपवतं.

दात नसतील आणि कवळी सैल असेल तर खालची कवळी जागेवर धरण्यासाठीच जबडा सतत चघळल्यासारखा हलतो. तिथे गार्ड नको, कवळीला आतून नवा थर लावून ती घट्ट बसवून घ्या. आणि करकर आटोक्यात यायच्या आधी कॅप, ब्रिज, इम्प्लांटचं मोठं काम सुरू करू नका. चिनी मातीची कॅप करकरीखाली तडकते आणि पुन्हा पैसे पडतात.

इंजेक्शन आणि तातडी

औषधांचा मेळ बसूनही दात तुटतच असतील तर चावण्याच्या स्नायूत बोटुलिनमचं, म्हणजे स्नायू सैल करणारं, इंजेक्शन देतात. परिणाम तीन ते सात दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन महिने टिकतो. आधी गिळणं तपासून घ्या. जेवताना ठसका लागणाऱ्याला चावण्याची ताकद आणखी कमी झाली तर ते धोक्याचं ठरतं. हा त्रास हाताळलेल्या न्यूरोलॉजिस्टकडूनच ते घ्या.

जबडा उघडा किंवा बंद अडकून राहिला, लाळही गिळता येईना, ताप येऊन अंग ताठ झालं, तर वही बाजूला ठेवून १०८ ला फोन करा. गार्ड किंवा दाताचा तुकडा मोडला तर सगळे तुकडे ताटात जोडून बघा. एखादा कमी असेल आणि पेशंटला नवा खोकला, घरघर किंवा धाप असेल तर लगेच दवाखाना गाठा. साधं पारदर्शक ॲक्रिलिक एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे 'फोटो स्वच्छ आहे' यावर घरी परतू नका, तुकडा हरवला आहे हे डॉक्टरांना सांगा. नवीन गार्ड करताना पारदर्शकऐवजी गुलाबी मागून घ्या. अंथरुणात पडलेला तुकडा निदान डोळ्यांना तरी सापडतो.